जाळीखाली गेलं ते गंगेला मिळालं

दिवाळीचा फराळ उरकला की कढईच्या तळाशी काळपट तेल उरतं. चकली, शेव, चिरोटे, शंकरपाळे, सगळ्यांचा अर्क त्यात उतरलेला. पुन्हा वापरावं तर घसा धरतो. कचऱ्यात ओतावं तर सकाळी डबा उचलणाऱ्या मावशी जे बोलतात ते अख्खा मजला ऐकतो. म्हणून सिंकमध्ये ओता. निःशंक ओता. मागून पातेलंभर उकळतं पाणी सोडलं की काम झालं, कारण गरम पाण्याने तेल वाहून जातं हे तुमच्या आजीलाही माहीत होतं. आजीच्या मोरीचं पाणी परसातल्या अळवाला जायचं आणि तुमचं चार मजले उतरून चेंबरला जातं, एवढ्याशा फरकाकडे बघू नका.

आणि तेल खरंच वाहून जातं. पाच-सहा फूट तरी जातंच. पुढे पाणी निवतं. मग वनस्पती तूप थिजतं, तेल पाइपाला आतून माखतं, त्यावर भांड्यांचा साबण, बोअरच्या जड पाण्यातले क्षार आणि परातीतला कणकेचा चिकटा बसतो, आणि बघता बघता सगळ्याचा मिळून दगड होतो. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असाच एक गोळा सापडला होता, सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा. पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा त्यांनी चक्क संग्रहालयात मांडला. आपली सोसायटी अजून त्या तोडीची झालेली नाही, पण म्हणून आपल्या घराचा वाटा देणं थांबवू नये. उकळतं पाणी तर सोडायचंच. साधा पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतो, आणि सांधे ढिले झाल्याशिवाय सिंकखालच्या टोपलीतले कांदे-बटाटे भिजणार कसे?

शितं आणि चहाचा चोथा यांच्याबद्दल फार लिहीत नाही. जाळी उचलायची आणि बोटाने ढकलायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

गणपती मात्र सोडून चालणार नाही. शाडूची मूर्ती आणलीत म्हणजे अर्धं पुण्य पदरात पडलंच. दीड दिवसाने बादलीत विसर्जन केलंत, स्टेटसला फोटो टाकलात, मूर्ती हळूहळू विरघळली. आता त्या गढूळ पाण्याचं काय करायचं? कुंड्यांना घाला म्हणतात, पण कुंड्या दोनच, आणि त्यातल्या एकीत तुळस. तेव्हा बाथरूमची जाळी. शाडू इतकी बारीक की पाण्याबरोबर सहज जाते, आणि पाण्याचा वेग मंदावला की मुकाट खाली बसते. तो वेग मंदावतो जाळीखालच्या, पाणी साचून राहणाऱ्या वाटीत, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये. पुढच्या वर्षी लवकर या म्हणून आपण घसा फोडून ओरडलो, आणि बाप्पा गेलेच नाहीत.

आता ट्रॅपचा विषय निघालाच आहे तर ऐका. सिंकखाली डोकावलात तर पाइप सरळ न जाता वळसा घेऊन गेलेला दिसेल, आणि त्या वाकात पाणी साचलेलं असेल. हा प्लंबरचा कामचुकारपणा आहे, दुसरं काही नाही. सरळ पाइप टाकून घ्या. पाणी कसं सुसाट जाईल! अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने १७७५ साली असल्या वाकड्या पाइपाचं पेटंट घेतलं होतं. वाकातलं दोनेक इंच पाणी म्हणजे बूच, ते गटाराचा वास आणि झुरळं दोन्ही अडवतं, असं त्यामागचं शास्त्र. पण घड्याळजीचं ऐकून कुणी मोरी बांधतं का?

याच शास्त्राचा एक उपद्रव असा की, उन्हाळ्यात महिनाभर गावाला गेलात तर ते पाणी सुकून जातं. परत येऊन दार उघडताच घरभर गटार दरवळतं. अशा वेळी जाळीत तांब्याभर पाणी ओतणं हा अत्यंत पुचाट उपाय आहे. आधी उदबत्ती लावा. मग डांबराच्या गोळ्या टाका. मग सेक्रेटरीला फोन करून 'ड्रेनेज लाइनच चुकीची टाकलीये हो' असं ठणकावून सांगा. एव्हाना तुम्ही दोनदा आंघोळ केलेली असते, त्या पाण्याने ट्रॅप भरतो, वास आपोआप जातो, आणि आपण आवाज चढवला म्हणून कमिटी हलली हे सिद्ध होतं.

तरीही पाणी तुंबलंच, तर रसायनशास्त्राला शरण जा. कॉस्टिक सोड्याचं पाकीट आणा. तो कसा वापरायचा, हे पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात छापलेलं असतं की ते वाचायची अपेक्षाच नसावी. सोडा तापतो, फसफसतो, तोंडावर उडू शकतो, आणि पाणी कमी पडलं तर आतच घट्ट बसतो. म्हणजे आधी नुसतं तुंबलं होतं, आता बांधकाम झालं. तेवढ्यावर भागलं नाही तर संडासासाठी आणलेलं ॲसिड ओता आणि त्यावर ब्लीच. एक चांगलं, दुसरंही चांगलं, तर दोन्ही मिळून दुप्पट चांगलं, हे त्रैराशिक आपण पाचवीत शिकलोय. दोन्ही मिळून क्लोरीन नावाचा विषारी वायू होतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममध्ये ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्याला तो सोडायला हजारो सिलिंडर ओढत न्यावे लागले होते. तुमचं दोन बाटल्यांत भागतं, तेही खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये.

मोबाइलवर व्हिडिओ बघून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतणारे त्या मानाने साधुसंतच. फेस भरपूर येतो, समाधान मिळतं, दोन्ही पदार्थ एकमेकांना मारून मोकळे होतात आणि गुंता होता तिथेच राहतो. मुलांना मात्र दाखवा, त्यांना आवडतं.

नळाचं दुखणं वेगळं. तो गळतो तेव्हा तो हट्टाला पेटलेला असतो, आणि हट्टी पोरासारखाच त्याचा कान जोरात पिळायचा असतो. आतलं वायसर झिजलेलं असतं, ते दहा-वीस रुपयांत येतं, ही अफवा प्लंबर लोक पसरवतात. पिळत राहा. वायसर गेलं की त्याची बैठक जाते, बैठक गेली की अख्खा नळ बदलायला मिळतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी. पण हा हिशोब करतो कोण? खाली बादली ठेवा. बादली भरली की आपण पाणी वाचवलं असं वाटतं. घराचं सगळं पाणी बंद करणाऱ्या मेन कॉकला तर वर्षानुवर्षं हात लावू नका. तो गंजून, जखडून पक्का होऊ द्या. ज्या रात्री नळ हातात येईल त्या रात्री तो फिरतो का, हे बघण्यात जो थरार आहे तो आधीच सराव करून कशाला घालवायचा?

आता राहिला चेंबर. तो रविवारी सकाळीच तुंबतो, कारण त्या वेळी सगळ्या मजल्यांवर एकदम वॉशिंग मशिन लागलेली असतात. पाण्याला मागे फिरून चौथ्या मजल्यावर चढता येत नाही. त्याला सगळ्यात खालचं जे उघडं तोंड सापडतं तिथून ते वर येतं, म्हणजे तळमजल्याच्या मोरीतून. तुमच्या चकल्यांचं तेल, तुमची शितं, तुमचे बाप्पा, सगळं तिथे सुखरूप पोचलेलं असतं. तळमजल्यावरचे काका हातात खराटा घेऊन जिन्यात येतात आणि वर बघून मजल्यांची नावं घेतात. तुम्ही गॅलरीत जाऊ नका. ग्रुपवर 'कमिटीने यात लक्ष घालावे ही विनंती' एवढं टाका, पुढे हात जोडलेलं चित्र. बाहेरच्या सामाईक लाइनचा खर्च सोसायटीचा असतो, हा उपविधी तोंडपाठ असू द्या.

आणि तुम्ही स्वतःच तळमजल्यावर राहत असाल, तर इथवर वाचत कशाला बसलात? मोरी बघून या.