बांधावरचा लांडगा म्हणजे गोखरू नव्हे

चिकोडी, निपाणी, हुक्केरीकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. फोटो लांडग्याचा, म्हणजे धोतराला, मेंढरांच्या लोकरीला चिकटणाऱ्या काटेरी बोंडांच्या झाडाचा. मजकूर असा: हा आयुर्वेदातला गोखरू आहे, फळं उकळून प्या, मुतखडा पडतो, कोवळा पाला जनावरांना घाला, दूध वाढतं, आणि नकोच असेल तर मीठ-व्हिनेगर मारा, कायमचा जातो. यातलं एकही विधान धड नाही, आणि मधली दोन जिवावर बेतणारी आहेत.

आधी ओळख. गोखरू जमिनीसरपट पसरतो, पानं बारीक दलांची, फूल पिवळं पाच पाकळ्यांचं, फळ वाळलं की त्याचे पाच काटेरी तुकडे पडतात. लांडगा उभा वाढतो, कमरेला लागतो. पान रुंद, कोनाकोनांचं, हाताला खरखरीत. खोडावर जांभळट ठिपके. बोंड लांबट, अंगभर आकड्यासारखे वाकडे काटे आणि टोकाला दोन शिंगं. फोटोत हेच बोंड स्पष्ट दिसतंय.

आता ते उकळून पिणं. लांडग्याच्या बियांत आणि नुकत्या उगवलेल्या रोपांत कार्बॉक्सीअॅट्रॅक्टिलोसाइड नावाचं विष असतं. ते यकृतावर घाला घालतं, रक्तातली साखर एकदम उतरवतं. 2007 मध्ये बांगलादेशात सिल्हेट भागात लोकांनी ही कोवळी रोपं भाजी म्हणून शिजवून खाल्ली. 76 जण आजारी पडले, त्यातले 19 दगावले. शिजवल्यानं विष गेलं नाही. घरात कुणी असा काढा घेतला असेल तर उलटीची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

पाल्याचंही तेच. झाड मोठं झालं की जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. घात होतो तो पहिल्या दोन जाड, गुळगुळीत पानांच्या रोपावर, कारण विष तेव्हाच सगळ्यात जास्त असतं. पावसानंतर ओढ्याकाठी अशी रोपं दाट उगवतात, नेमक्या त्या वेळी वासरं-रेडकं तिथं सोडू नका. डुकरांना तर हे फारच बाधतं. जनावर सुस्त झालं, चारा सोडला, अडखळू लागलं, तर डॉक्टरला बोलवा आणि रोप उपटून दाखवायला ठेवा.

मीठ-व्हिनेगरनं पानं करपतात, खरं आहे. पण मीठ जमिनीतच राहतं, आणि आपल्या काळ्या, निचरा कमी असलेल्या रानात ते पुढच्या पिकाला भोवतं. तणापायी रान खारवायचं, हा कुठला शहाणपणा?

‘कायमचा जातो’ हे का खोटं, ते एक रोप हळूच उपटून बघा. मुळाशी जुनं बोंड अडकलेलं असतं. ते फोडलं की आत दोन कप्पे दिसतात. एकातलं बी उगवलेलं, दुसऱ्यातलं बहुतेक वेळा तसंच निजलेलं. ते पुढच्या वर्षी, कधी त्याहून उशिरा उगवतं. म्हणून एका वर्षात हा संपत नाही, सलग काही वर्षं भांगलण लागते.

आणि ही भांगलण बोंडं धरायच्या आत लागते. रात्र मोठी होऊ लागली की लांडगा फुलतो, मग रोप वीतभर का असेना, बोंडं धरतंच. गणपतीनंतर सोयाबीनमध्ये राहिलेलं बारकं रोप ‘आता काय करतंय’ म्हणून सोडू नका. बोंडं धरलेली झाडं उकिरड्यावर टाकू नका, खतातून सगळ्या रानात जातील. पोत्यात भरून आणा, वाळवा, जाळा. उसात 2,4-डी हे तणनाशक चालतं, पण शेजारी द्राक्ष, कापूस किंवा टोमॅटो असेल तर वाऱ्यानं उडालेला फवारासुद्धा ते पीक वाकडं करतो, तिथं खुरपंच बरं.

बोंडं पाण्यावर तरंगतात. 2019 सारखा पूर आला की घटप्रभा, हिरण्यकेशी, दूधगंगेकाठच्या रानांत ती कुठली कुठं जाऊन बसतात. त्यामुळे आपल्या बांधाइतकीच वरच्या अंगाची ओढ्याची कडही साफ हवी, आणि हे काम गल्लीतल्या चौघांनी मिळून केलं तरच जमतं. रानात खतासाठी मेंढरं बसवायची असतील तर आधी धनगरमामांना बोलून लोकर बघून घ्या. पोटाखाली आणि शेपटीजवळ बोंडं जास्त अडकतात.