निरोप विमानतळावर उरकू नका

परदेशातल्या ग्रुप टूरचा, अभ्यासदौऱ्याचा किंवा सेवाशिबिराचा कार्यक्रम हातात घ्या. पहिल्या दिवशी ओळखीची बैठक असते, मधला प्रत्येक तास भरलेला असतो आणि शेवटच्या रकान्यात एवढंच लिहिलेलं असतं: ‘नाश्ता, चेक-आउट, विमानतळाकडे प्रस्थान’. निरोपासाठी वेळच ठेवलेला नसतो. मग तो चेक-इनच्या रांगेत, एका हाताने बॅग ढकलत आणि दुसऱ्या हाताने पासपोर्ट चाचपत उरकला जातो. इतके दिवस एकमेकांच्या आधाराने परक्या देशात वावरलेल्या माणसांवर हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

विमानतळावर निरोप जमतच नाही. वीस जणांचा ग्रुप असेल तर प्रत्येकाने प्रत्येकाला भेटायचं म्हणजे १९० भेटी. त्यात कोणाचं विमान सकाळी, कोणाचं दुपारी, कोणाचं दुसऱ्याच टर्मिनलवरून. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन बऱ्याच ठिकाणी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. ज्याच्याशी खरोखर बोलायचं होतं, तो सिक्युरिटीच्या पलीकडे गेलेला असतो.

शेवट नीट व्हावा हा हट्ट नुसत्या भावनेपोटी नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या जास्तीच्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, लांबलेला प्रकार निवडला. एकूण त्रास जास्त, पण शेवट सौम्य. आठवणीत शेवटाचं वजन असं जास्त असतं. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले होते. १९७७ मध्ये मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासोबत त्यांनी गट मोडण्याचा पाचवा टप्पा जोडला. गट मोडणं हेही एक काम आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

तो वेळ कधी द्यायचा? शेवटच्या रात्री नाही. त्या रात्री बॅगांची वजनं, हॉटेलची बिलं आणि पहाटेचे गजर असतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी बसा, आणि जेवणाआधी बसा. जेवणानंतर डोळे मिटायला लागतात. वीस जण, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे कागदावर चाळीस मिनिटं होतात. प्रत्यक्षात दीड तास राखून ठेवा. खुर्च्या गोलात आणि फोन बाजूला.

‘आपापलं मनोगत सांगा’ एवढंच म्हटलं की पाचव्या माणसापासून ‘सगळ्यांचे मनापासून आभार’ सुरू होतं. त्याऐवजी एकच नेमका प्रश्न द्या: या प्रवासात कोणामुळे तुमची कोणती वेळ सोपी झाली? उत्तरात माणूस येतो, प्रसंग येतो. सुरुवात थोडक्यात बोलणाऱ्याकडून करा, कारण पहिला जितका वेळ घेतो तितकाच पुढचे घेतात. टूर लीडरने सगळ्यात शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात.

यात एक धोका आहे. लाडक्या दोघा-तिघांचं नाव दहादा येतं आणि एखाद्या अबोल माणसाचं एकदाही येत नाही. म्हणून नावांची यादी करा आणि प्रत्येकाने यादीत आपल्यानंतरच्या तिघांसाठी एकेक चिठ्ठी लिहायची, शेवटच्यांनी पुन्हा वरून मोजायचं. वीस जणांच्या साठ चिठ्ठ्या होतात आणि प्रत्येकाच्या हाती बरोबर तीन पडतात. ज्यांचं वाजलं असेल त्यांनी ते आधीच बाजूला जाऊन मिटवावं, गोलात नको. मिठी मारण्याची सक्ती कोणालाही नको.

ड्रायव्हर आणि स्थानिक गाइड. यांचा निरोप सर्रास राहून जातो याचं मला फार वाईट वाटतं. विमानतळावर सोडायला पुष्कळदा वेगळीच गाडी येते, हे आदल्या दिवशी कोणी विचारलेलंच नसतं. आधीच विचारा आणि दोघांनाही या बैठकीला बोलवा. भाषा वेगळी असेल तर बोलण्याचा अनुवाद कोण करणार ते ठरवून ठेवा. टिप देण्याची रीत असेल तर दोघांची वेगळी पाकिटं, स्थानिक चलनात; रीत नसेल तर सगळ्यांच्या सह्यांचं पत्र.

ग्रुप फोटो त्याच दिवशी, सूर्यास्ताच्या तासभर आधी, टायमर लावून, म्हणजे फोटो काढणाराही त्यात येतो. मूळ फोटोंसाठी एकच सामायिक अल्बम करा. चॅटवर पाठवलेले फोटो सहसा आकसलेले असतात. हिशेबही त्याच संध्याकाळी, सगळ्यांना एकच विनिमय दर धरून. राहिलेले पैसे मागायला नंतर संकोच वाटतो आणि त्या संकोचात बोलणंच थांबतं.

‘दरवर्षी भेटायचं’ असं वचन देऊ नका. साधारण तीन आठवड्यांनंतरच्या व्हिडिओ कॉलची तारीख उठण्याआधी पक्की करा. घरी परतल्यावरही पुन्हा रुळायला वेळ लागतो, हे गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच मांडलं होतं. पहिले काही दिवस झोप आणि साचलेली कामं यांत जातात. पोकळी त्यानंतर जाणवते आणि घरच्यांना ती समजावून सांगता येत नाही. लोक वेगवेगळ्या देशांत परतणार असतील तर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, लिहा, नाहीतर घड्याळं तासाने पुढे-मागे होणाऱ्या देशातला माणूस चुकतो.

आणि सगळ्यांच्या विमानांच्या वेळांची यादी ग्रुपवर टाका. ज्याचं विमान सगळ्यात शेवटी आहे तो बाकीचे गेल्यावर कित्येक तास एकटा बसतो. टूर लीडरने किंवा उशिराचं विमान असलेल्या आणखी कोणीतरी त्याच्यासोबत थांबायचं, हेही त्याच बैठकीत ठरवा.