तोत्तोचानची आई

‘तोत्तोचान’ आमच्या घरी तीन वर्षं कपाटावर धूळ खात पडलं होतं. नवरा जिल्हा परिषदेत शिक्षक, कुठल्याशा प्रशिक्षणाहून येताना घेऊन आला होता. शिक्षक मंडळींत या पुस्तकाचा विषय निघाला की गाडी कोबायाशी मुख्याध्यापकांवर जाते आणि तिथंच थांबते. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारे वर्ग, पहिल्याच दिवशी चार तास एका पोरीची बडबड ऐकून घेणारे सर. माणूस मोठाच, वादच नाही. पण मला आज तिच्या आईबद्दल बोलायचंय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक १९८१ साली आलं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टनं काढलेला. वाचताना पोरांची कादंबरीच वाटते, पण त्यातली पोरगी म्हणजे लेखिका स्वतःच. पहिलीतच शाळेतून काढलेली. गुन्हे काय, तर डेस्कचं झाकण सारखं उघडायची न् लावायची, खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारायची, घरटं करणाऱ्या पाखरांना विचारायची, काय करताय? (आमच्या लातुरी भाषेत, काय करायलाव?)

बाईंनी आईला बोलावून सांगितलं, हिला दुसऱ्या शाळेत घाला. आईनं नवी शाळा शोधली आणि लेकीला घेऊन गेली. आपल्याला काढून टाकलं होतं, हे तोत्तोचानला कळलं ते विशी ओलांडल्यावर. तोवर आईनं चकार शब्द काढला नाही.

हे वाचलं, पुस्तक उलटं ठेवलं आणि उगाच ओटा पुसत बसले.

कारण आमच्याकडंही तेच झालं होतं. माझी लेक दुसरीत असताना इथल्या एका शाळेनं बोलावून सांगितलं, “हिचं लक्ष खिडकीबाहेर असतं, पुढं झेपणार नाही, बघा दुसरीकडं.” लातूर आहे हे. चौकाचौकात पोरांचे फोटो आणि खाली मार्क. कुणाची किती जमीन हे जसं गावाला पाठ असतं, तसं इथं कुणाच्या पोराला किती पडले हे पाठ. मी घाबरले. आणि घाबरलेली बाई जे करते ते केलं, सगळ्यांना सांगत सुटले. नांदेडच्या बहिणीला फोनवर. शेजारच्या काकूंना गच्चीवर पापड वाळत घालताना. रिक्षावाल्या मामांना हिशेब मिटवताना. लेकरू दरवेळी शेजारीच उभं.

आपल्याकडं पोरांना कान असतात हे कुणी धरतच नाही. “मॅडम, जरा मंदच आहे बघा ही, दोन ठेवून द्या पण लिहिती करा,” हे वाक्य तिचा हात हातात धरूनच म्हणतात. मीही त्यातलीच.

मग एकदा पाहुणे आले. कितवीला गं बाळा? तर ही म्हणाली, “दुसरीला. मला काढलंय.” नाव-गाव सांगावं त्या सुरात. माझ्या हातात चहाचा ट्रे होता.

कुणी म्हणेल, तोत्तोचानच्या आईचं काय घेऊन बसलीस, बाप व्हायोलिन वाजवणारा, टोकियोतलं घर, त्यांना परवडतं. गप्प बसायला कुठं पैसे लागतात? माझी आई औसा तालुक्यातली, कोरडवाहू रानात राबलेली, सही करण्यापुरतं शिकलेली. सातवीच्या सहामाहीला मी गणितात नापास झाले, तर तिनं माझं प्रगतिपुस्तक ज्वारीच्या कोठीत खालपर्यंत खुपसून ठेवलं. दादांना कळलंच नाही. वार्षिकला पास झाल्यावर तिनं ते काढून झटकलं तेव्हा पानांतून पीठकिडे पडले. त्यावर ती एका शब्दानं बोलली नाही, मीही नाही. हे मला ‘तोत्तोचान’ वाचेपर्यंत आठवलंच नव्हतं, याची लाज वाटते.

पुस्तकातली काही प्रकरणं मला जरा गोडच वाटली, खरं सांगते. पण १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळते तिथं लेक रडली, मीही.

लेक आता चौथीत आहे. रोज रात्री एक प्रकरण, असं करत आम्ही ते संपवलं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या वर्षीचा तिचा जन्म. त्यामुळं रेल्वेच्या डब्यातली शाळा तिला फार नवलाची वाटली नाही. “आपल्याकडं पाणी आणलं, त्यांनी वर्ग भरवले,” एवढंच म्हणाली. तारेच्या कुंपणाखालून सरपटून तोत्तोचान कपडे फाडते आणि घरी येऊन भलतीच थाप मारते, आईला पटत नाही तरी ती रागवत नाही, ते प्रकरण मात्र तिनं तीनदा वाचून घेतलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गेल्या रविवारी आजोळी बोरं पाडायला गेली आणि नवा फ्रॉक पाठीवर टराटरा फाडून आली. म्हणाली, कुत्र्यानं ओढला. फ्रॉकला बाभळीचे दोन काटे तसेच अडकलेले. मी म्हटलं, “हो का? मोठं होतं का गं कुत्रं?” आणि सुईदोरा काढला.

रात्री बहिणीला फोन करून सगळं सांगितलंच. पण गच्चीवर जाऊन, दार ओढून.