खुलासा : ह्युंदाई जपानी नाही

‘ह्युंदाई ही होंडाचीच जोडकंपनी, म्हणून चिन्हातही एच’ हा मेसेज फिरतोय. ग्रुपवर तो मीही टाकला होता, चूक झाली. कंपनीचा इतिहास काढून वाचला. चुंग जू-युंग यांनी १९६७ साली दक्षिण कोरियात ती स्थापन केली. जपानचा धागा आहे, पण वेगळा : १९७५च्या ह्युंदाईच्या ‘पोनी’ गाडीचं इंजिन मित्सुबिशीचं होतं. स्वतःचं ‘अल्फा’ इंजिन १९९१ साली आलं. तिरका एच म्हणजे, कंपनी सांगते, हस्तांदोलन करणारी दोन माणसं. २०२२ साली किआसह हा समूह विक्रीत टोयोटा, फोक्सवॅगननंतर जगात तिसरा होता. एवढ्या कष्टांचं श्रेय भलतीकडे जाऊ नये. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.