फक्त वीस मिनिटांचं काम

कॉम्प्युटर रखडायला लागला की सल्ला देणाऱ्यांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ सोशिक. टेम्प फाइल्स उडवा, स्टार्टअपमधले नको ते प्रोग्रॅम बंद करा, बघा काही फरक पडतो का. दुसऱ्या पंथाला इतका धीर नसतो. त्याचा उपाय एकच, फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं टाकणं. आवाज येत नाही? फॉरमॅट मार. माउस अडकतो? फॉरमॅट मार. माझा भाचा या दुसऱ्या पंथाचा, आणि नुसता अनुयायी नव्हे, प्रचारक.

"मामा, वरून अपग्रेड मारू नकोस. जुनी घाण तशीच राहते. सरळ क्लीन इन्स्टॉल टाक. वीस मिनिटांचं काम आहे."

तो म्हणत होता ते बरोबर होतं, हीच पंचाईत. अपग्रेडमध्ये नवी विंडोज जुनीच्या जागी बसते, तुमचे प्रोग्रॅम सांभाळते आणि जुनीला 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरात काही दिवस ठेवून घेते, न जाणो परत जायची वेळ आली तर. क्लीन इन्स्टॉलमध्ये ही सोय नाही. अख्खं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो कप्पा, पुसायचं आणि त्यावर कोरी सिस्टीम टाकायची. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला होता, त्यामुळे आज ना उद्या काहीतरी करणं भागच होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते. ती आपल्या मशीनमध्ये नाही म्हणून अनेकजण नवा कॉम्प्युटर बघायला लागतात. बऱ्याचदा ती असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बंद करून ठेवलेली असते. माझ्याकडेही होती. म्हणजे नाही म्हणायला तेवढंही निमित्त उरलं नाही.

आणि वीस मिनिटं हा आकडा काही थाप नाही. एसएसडी ही वेगवान डिस्क असेल तर फाइल्स उतरवून घ्यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. फक्त त्या वीस मिनिटांच्या अलीकडे काय असतं आणि पलीकडे काय असतं, यावर कोणी बोलत नाही.

अलीकडे असतो बॅकअप.

बॅकअप घ्यायचा म्हणजे आपल्याकडे काय काय आहे ते आधी बघावं लागतं, आणि तिथेच माणूस बसतो. डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' आणि 'न्यू फोल्डर ५' होते. मधले कुठे गेले ते कळायला मार्ग नाही. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हेच फायनल' अशा तीन फाइल्स निघाल्या. उघडून पाहिल्या तर सर्वांत नवी तारीख 'फायनल'ची. एका कोपऱ्यात 'जुना बॅकअप' नावाचं फोल्डर. त्याच्या आत 'जुन्या मशीनचा बॅकअप'. त्याच्या आत 'डेस्कटॉप'. त्या डेस्कटॉपवर पुन्हा 'जुना बॅकअप'. म्हणजे दर फॉरमॅटच्या वेळी मी सगळं उचलून पुढच्या मशीनच्या पोटात ढकलत आलोय, आणि आधीचं उघडून बघायचे कष्ट एकदाही घेतलेले नाहीत. यात बायकोचा रेझ्युमे निघाला, तिने सोडलेल्या नोकरीच्याही आधीच्या नोकरीसाठी केलेला. एक फोटो निघाला, त्यात माझ्या डोक्यावर केस होते. तो बघून घरच्यांनी कॉम्प्युटरभोवती गर्दी केली आणि बॅकअप तासभर मागे पडला.

काय ठेवायचं हे घरातल्या प्रत्येकाला विचारावं, असं मला वाटलं. तसं वाटायला नको होतं.

"माझं ते ठेवा हं," बायको म्हणाली.

"कोणतं?"

"ते असतं ना उजवीकडे वर. निळं."

"त्याचं नाव काय?"

"नाव कशाला लागतं? मी रोज तिथेच दाबते."

आता उजवीकडे वरचं निळं हे एखाद्या फाइलचं नाव असू शकत नाही. पण ती मागणी मात्र खरी असते. लोक कॉम्प्युटर नावानं वापरत नाहीत, जागेनं वापरतात. बॅकअपमध्ये फाइल येते, जागा येत नाही.

त्यातून आपण मराठी माणसं. आपल्या बॅकअपमध्ये एक जादा कलम असतं, ते म्हणजे फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपण श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलेखन केलं. त्या काळी देवनागरी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फाइलमध्ये साठायची ती इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. मग आजोबांच्या आठवणींचं टिपण उघडावं, तर पडद्यावर कंसांची, स्वल्पविरामांची आणि उलट्यासुलट्या इंग्रजी अक्षरांची खिचडी. हे फॉन्ट राहतात विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात, म्हणजे जिथला बॅकअप कोणी घेत नाही नेमकं तिथे. मी घेतला. अख्खं फॉन्टचं फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर ठेवलं. नंतर सगळी जुनी टिपणं अक्षर न् अक्षर जशीच्या तशी उघडली. या संपूर्ण प्रकरणातली ही निर्विवाद कौतुकास्पद गोष्ट. घरात एकानंही दखल घेतली नाही, कारण न बिघडलेली गोष्ट दिसत नाही.

पुढचा टप्पा पेनड्राइव्ह. नवी विंडोज त्यावरून टाकायची. किमान आठ जीबीचा लागतो. घरातले सगळे पेनड्राइव्ह गोळा केले, तर जे रिकामे होते ते छोटे होते आणि जे मोठे होते त्यांत कोणाचं तरी काहीतरी 'अगदी महत्त्वाचं' होतं. मग पेनड्राइव्हचाही बॅकअप. त्यातही एक गंमत आहे. आजकालचं यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह हमखास वाचतं, पण फॅट-३२ मध्ये एका फाइलला चार जीबीची मर्यादा आहे, आणि इन्स्टॉलेशनची मुख्य फाइल कधीकधी नेमकी त्याहून थोडी जाड निघते. असे पेनड्राइव्ह तयार करणारा रुफससारखा प्रोग्रॅम त्यातून वाट काढतो, म्हणून बरं. त्यात पर्याय इतके, की मी काही न बदलता 'स्टार्ट' दाबलं. ज्यांना प्रत्येक पर्यायाचा अर्थ कळतो ते वेगळी माणसं असतात आणि सहसा फोन उचलत नाहीत.

विंडोजऐवजी लिनक्स नावाची सिस्टीम वापरणाऱ्यांचं इथे बरं असतं. त्यांना डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच अख्खी सिस्टीम चालवून बघता येते, आणि 'होम', म्हणजे आपल्या फाइल्सचं फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर ठेवलं की सिस्टीम कितीदाही बदला, आपल्या फाइल्स जागच्या जागी. ही सोय फार चांगली आहे. तिच्यामुळे माझा एक मित्र सारखी सिस्टीम बदलत असतो आणि त्या फाइल्समध्ये त्यानं नवं काही लिहिल्याचं मात्र ऐकिवात नाही.

आता पेनड्राइव्हवरून बूट करायचं, म्हणजे मशीन डिस्कऐवजी त्यावरून सुरू करायचं. त्यासाठी मशीन सुरू होताना एक बटण दाबायचं असतं. कोणतं? कुठे डिलीट, कुठे एफ-२, कुठे एफ-१२, कुठे एस्केप. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांचं यावर आजवर एकमत झालेलं नाही. ते बटण कोणतं हे पडद्यावर लिहून येतं, पण इतक्या चपळाईनं येऊन जातं, की पापणी लवली तर संपलं. हाच तो कॉम्प्युटर, जो सुरू करून निवांत आंघोळीला जाता येत असे. नेमका या एका पडद्यापुरता त्याच्या अंगात वारा शिरला. शेवटी मी डिलीट आणि एफ-१२ वर दोन बोटं ठेवून पिपाणी वाजवल्यासारखा सुटलो, तेव्हा कुठे बायोस प्रसन्न झालं.

मग येतो पार्टिशनचा पडदा. इतका वेळ चाललेली गंमत इथे थांबते.

रोजच्या ओळखीची सी आणि डी ही नावं इथे दिसत नाहीत. (सीपासून सुरुवात का, तर ए आणि बी फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली अक्षरं. फ्लॉपी गेली, पण तिची जागा अजून कोणाला दिली नाही. इतका मान फार थोड्यांना मिळतो.) इथे असतात 'ड्राइव्ह ०, पार्टिशन १', 'पार्टिशन २' असली तुरुंगातली नावं. आकारावरून ओळखावं म्हटलं तर तेही जुळत नाहीत. एक टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी म्हणून उभी असते, कारण विकणारा हजारानं मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ नं. शिवाय आपण कधीही न केलेली, शंभर एमबीची, सोळा एमबीची पार्टिशनं. ही कोणाची, इथे काय करतात, काही पत्ता लागत नाही. खरं तर त्यातल्या एकात मशीनला बूट करायची माहिती असते.

मी मशीन उघडून डेटाच्या डिस्कची केबल आधीच काढून ठेवली होती. पडद्यावर एकच डिस्क दिसत होती आणि तीच पुसायची होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही 'डिलीट'वर बाण नेल्यावर हात थांबला. 'यातला सगळा डेटा जाईल' अशी सूचना आली. मी उठून बाहेरच्या डिस्कवर सगळं आलंय का ते लॅपटॉपवर पाहिलं. परत येऊन बसलो. पुन्हा उठलो. क्विक फॉरमॅटमध्ये डेटा लगेच खरवडून काढला जात नाही, फक्त कुठे काय आहे त्याची नोंद पुसली जाते, हे मी वाचलेलं होतं. पण आपल्या वस्तू घरातच आहेत, फक्त कुठे आहेत ते कोणालाही सांगता येणार नाही, यातून मिळणारा दिलासा तो कितीसा? काळजावर दगड ठेवून दाबलं. एका क्षणात झालं. इतकी वर्षं साठवलेलं जाताना निदान थोडा आवाज तरी व्हायला हवा होता.

त्यानंतरची वीस मिनिटं मात्र खरोखर वीस मिनिटं. टक्के वाढत गेले. मधे एकदा आकडा हलेना तेव्हा सगळं घर पडद्याकडे बघत उभं राहिलं, जसं काही बघण्यानं तो पुढे सरकणार होता. जुन्या लोकांनी याहून वाईट दिवस काढलेत. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली, ती फ्लॉपीवर घ्यायची तर तेरा फ्लॉप्या होत्या. बारा व्यवस्थित चालून तेरावी रुसली तर काय होत असेल, याची कल्पना करवत नाही. नंतरच्या काळात पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की आली, तीही डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर. टेबलाखाली डोकं घालून, टॉर्च धरून एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं टाइप करायचं. 'बी म्हणतोस की आठ?' यावरून चांगल्या घरांत भांडणं झाली आहेत. आता परवाना बहुतेक वेळा मशीनशीच जोडलेला असतो, 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' असं बेधडक सांगून पुढे जाता येतं.

पुढे जाऊन अडायचं ते इंटरनेटपाशी. नवी सिस्टीम म्हणाली, इंटरनेट जोडा. जोडायला वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. तो ड्रायव्हर इंटरनेटवर असतो. या पडद्यावर 'पुढे' हे बटण फिकट होतं आणि 'मागे' गेल्यावरही तोच पडदा येत होता. भाच्याला फोन केला.

"मोबाइल यूएसबीनं जोड आणि टेदरिंग चालू कर," तो म्हणाला. "एवढंच ना?"

एवढंच होतं. मोबाइलचं इंटरनेट तारेनं कॉम्प्युटरला मिळालं. पण हे 'एवढंच' आधी सांगायची पद्धत त्याच्या पंथात नाही.

मग प्रश्नोत्तरं. आम्ही तुमचं ठिकाण बघू का? तुम्ही काय टाइप करता त्यावरून शिकू का? तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवू का? मी नाही, नाही, नाही म्हणत गेलो. प्रत्येक 'नाही'ला सिस्टीमने 'हरकत नाही, नंतर विचारू' अशा सुरात उत्तर दिलं.

डेस्कटॉप उघडला. कचऱ्याचा एक रिकामा डबा, एक पार्श्वचित्र, बस्स. मला फार बरं वाटलं. हे बरं वाटणं टिकलं ते बायको खोलीत येईपर्यंत.

"माझं कुठे गेलं?"

मी ते निळं शोधून उजवीकडे वर ठेवलं. ते पूर्वी कडेपासून थोडं आत होतं म्हणे. तेवढं आत सरकवलं. मग मराठी कीबोर्ड घातला, आणि दुसऱ्या दिवशी ती लॉगिनला अडकली. पासवर्ड बरोबर होता, पण तो देवनागरीत टाइप होत होता. पडद्यावर नुसते ठिपके, आणि ठिपक्यांना लिपी नसते. भाषा एका कोपऱ्यात बारीक लिहिलेली असते. तिथे बघा म्हणून मी ऑफिसातून फोनवर सांगत होतो आणि ती पलीकडून पासवर्ड मोठ्यांदा म्हणून दाखवत होती.

ब्राउझर मला ओळखेना. प्रत्येक खातं म्हणे, हे नवं मशीन दिसतंय, आपण कोण? मी मीच आहे हे सिद्ध करायला सगळीकडून कोड यायला लागले. आठवडाभर मी एकेक प्रोग्रॅम टाकत होतो, एकेक सेटिंग बदलत होतो, आणि हळूहळू लक्षात आलं, की मी अत्यंत चिकाटीनं तोच जुना कॉम्प्युटर पुन्हा बांधतोय. 'जुना बॅकअप'ही परत आला. या खेपेला त्याच्या आत आणखी एक थर आहे.

मशीन मात्र पळतंय, हे मान्य करायला हवं. आंघोळीला जायला आता सवड मिळत नाही.

राहिला प्रिंटर. तो टेबलावरच आहे, मला दिसतो, कॉम्प्युटरला दिसत नाही. कंपनीच्या साइटवर या मॉडेलचं नावच उरलेलं नाही. त्याच्या ड्रायव्हरची सीडी मी इतकी वर्षं मूळ पाकिटासकट जपून ठेवली होती आणि ती पहिल्या फटक्यात सापडलीसुद्धा. सीडी घालायला मशीनला खाच नाही.