सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघा आधी

खेड तालुक्यातल्या मुंबक्याच्या त्या जमिनींचा लिलाव झाला ना, जानेवारी २०२४ मध्ये, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस एकच विषय, १५ हजार ४४० रुपये सरकारी किंमत असलेला तुकडा २ कोटी १ लाखाला गेला कसा. कोकणातली माणसं आम्ही, जमिनीचा भाव निघाला की ताट थंड झालं तरी चालतं. पण ती जमीन होती कोणाच्या नावावर हे एकाने विचारलं नाही. दाऊदच्या आईच्या!

'लेडी डॉन' म्हटलं की लोकांना गॉगल आणि रिव्हॉल्वर दिसतं. नागपाड्यात दाऊदच्या बहिणीला, हसीना पारकरला, आपा म्हणायचे, तिचा दरारा होता, मान्य. पण अशा किती? बाकीच्या बायकांचा टोळीतला वाटा म्हणजे नाव, कपाट आणि पायपीट, बस.

९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचंच घ्या. स्फोटकांचा माल उतरला आमच्याच किनाऱ्यावर, दिघीला, शेखाडीला, ते शेंबड्या पोराला पण माहितीये. रुबिना मेमनची मारुती व्हॅन कितीजणांना आठवते? वरळीत सापडली, आत हत्यारं, गाडी तिच्या नावावर. जन्मठेप झाली आणि २०१३ ला सुप्रीम कोर्टात कायम झाली, आणि दीर टायगर मेमन अजून फरार. झैबुन्निसा काझींच्या घरात हत्यारं ठेवलेली, त्यांना ५ वर्षं. मी असं म्हणत नाहीये की सगळ्या भोळ्या होत्या, कोर्टाने पुरावे बघूनच शिक्षा दिल्या असणार, पण नाव द्यायला बाई आणि पळायला पुरुष ही वाटणी कोणी केली?

आणि जेलमधल्या गँगचं म्हणाल तर अमेरिकेत पुरुषांच्या जेलमध्ये मेक्सिकन माफिया वगैरे १९५७ पासून आहेत, बायकांच्या जेलमध्ये मात्र अभ्यासकांना जास्त करून खोटी खोटी कुटुंबं दिसली, एक आई, तिच्या दोन मुली, एक बहीण. (आपल्याकडे वाडीत असतंच की हे, जेलची गरज नाही.) आपल्या भायखळ्यात २०१७ ला मंजुळा शेट्येला मारलं, ती स्वतः कैदी, बराकीची वॉर्डर, भांडण कशावरून तर दोन अंडी आणि पाच पाव कमी पडले. खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली ती जेलच्या सहा कर्मचाऱ्यांना. आणि ती गेल्यावर ज्या बायका चिडून एकत्र आल्या त्या दोनशेहून जास्त जणींवर दंगलीचा गुन्हा. म्हणजे बायकांनी जमून काही केलं की ती लगेच टोळी होते बघा.

आमच्या वाडीतली एक काकी आहे. मुलगा मुंबईत भाईगिरीत गेला, मग आत गेला. काकी रात्रीच्या एसटीने मुलाखतीला जायची, कुळथाचं पीठ न्यायची, ते गेटवरच परत मिळायचं, काचेपलीकडून फोनवर पंधरा-वीस मिनिटं बोलायचं आणि परतीची गाडी. कँटीनसाठी मनीऑर्डर करायची, त्याच्या पावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अजून आहेत. मुलगा सुटला, कुठे आहे कोणाला माहीत नाही, आणि गेल्या वर्षी पोलीस काकीच्या दारात, कारण कुठल्याशा गुन्ह्यात सापडलेली मोटरसायकल काकीच्या नावावर. मीच गेले होते सोबत पोलीस स्टेशनला. काकीला साधी सायकल येत नाही. परत येताना एसटीत बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, गाडी माज्या नावावर, नि मना कंदी बसवलान पन नाय गो तीवर.