‘शांत गाडीत धडधड कशाला?’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘माझ्या मुलाच्या वयाचे आहात’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काकाच म्हणतो. उत्तर लांबलं, त्यामुळे वेगळं टाकतोय. इलेक्ट्रिक गाडीतले कंपनीचे स्पीकर बदलून सबवूफर (फक्त खालचे, खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर) बसवण्यावर मी लिहिलं होतं, त्यावर काकांचा आक्षेप थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गाडी माणूस शांततेसाठी घेतो, तिच्यात धडधड भरण्यात काय अर्थ? कंपनीच्या इंजिनिअरना कळत नाही आणि दुकानवाल्याला कळतं, हे पटत नाही. रेंज जाते, वॉरंटी जाते. आणि इंदूरच्या सुदामा नगरात रात्री अकरानंतर घरांच्या काचा थरथरवत जाणारी पोरं असल्या लेखांमुळेच शेफारतात. शेवटी मुलाच्या नव्या गाडीबद्दल एक प्रश्न आहे, त्याचं उत्तरही शेवटी देतो.

शांततेपासून सुरू करतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं. इंजिन गेलं म्हणून गाडी निःशब्द होत नाही. इंजिनाच्या आवाजाखाली झाकलेला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज उघडा पडतो. आपल्या इंदूरच्या सिमेंटच्या रस्त्यांवर तर तो चांगलाच जाणवतो. बायपासला लागून ताशी ऐंशीला गेलात की पायाखालून एक सलग घरघर येत राहते. तिच्यातला बराचसा जोर खालच्या पट्टीत असतो. टायरच्या आतल्या हवेचा घुमारच साधारण २०० ते २५० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा लहान तितका स्वर खालचा) असतो, आणि खडबडीत रस्त्याची गुरगुर त्याच्याही खाली. गाण्याचा पाया नेमका याच भागात असतो, तो त्या घरघरीत बुडतो. मग आपण आवाज वाढवतो. खालचं तरी येत नाहीच, वरचं मात्र कानाला टोचायला लागतं.

त्यात आपल्या कानाचीही एक रीत आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज जितका हळू, तितके खालचे स्वर कानाला मधल्या स्वरांच्या मानाने अधिकच कमी ऐकू येतात. म्हणजे हळू ऐकणाऱ्यालाच खालच्या बाजूला आधार जास्त लागतो. मी सबवूफर बसवला तो हळू ऐकता यावं म्हणून. आता बायपासवर पूर्वीपेक्षा कमी आवाजात गाणं पुरतं, आणि शेजारी बसलेल्या आईशी बोलताना ते बंद करावं लागत नाही.

तुम्ही शास्त्रीय संगीत ऐकणारे आहात असं प्रतिक्रियेवरून वाटलं, म्हणून आपल्याच गावचा दाखला देतो. उस्ताद अमीर खाँ साहेबांची गायकी इंदूरच्या नावाने ओळखली जाते. अतिविलंबित झूमरा ताल, आणि मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रेंगाळत, एकेक स्वर उलगडत केलेली बढत. आता हिशोब बघा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला, तर मध्य षड्ज येतो सुमारे १३९ हर्ट्झला आणि मंद्र षड्ज ६९ ला. तानपुऱ्याची खर्जाची तारही तिथेच, ६९ ला. डग्ग्याची घुमकी साधारण याच परिसरात खालीवर होते, आणि मनगटाने दाबून काढलेली मींड तर पूर्ण तिथेच घडते. छोट्या स्पीकरवर हे अजिबात ऐकू येत नाही असं मी म्हणत नाही. खर्जाच्या तारेचे वरचे स्वर येतात आणि मूळ स्वर कान अंदाजाने भरून घेतो. पण अंदाजाने भरलेला खर्ज आणि खरा खर्ज यात फरक आहे. डग्ग्यावर तर तो लगेच कळतो: छोट्या स्पीकरवर ‘घे’ची फक्त थाप येते, तिच्यामागची आस, म्हणजे रेंगाळणारी गुंज, येत नाही. विलंबित ठेक्यात ही आस गेली की दोन मात्रांमधली जागा रिकामी पडते. काका, ही धडधड नव्हे. ध्वनिमुद्रणात जे आहे ते परत मिळवणं आहे.

आता कंपनीचे इंजिनिअर. त्यांना सगळं कळतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. पण त्यांना ठरलेल्या किमतीत आणि ठरलेल्या वजनात काम करायचं असतं. भौतिकशास्त्राचा एक नियम कुणालाच चुकत नाही: आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली की स्पीकरच्या कोनला, म्हणजे त्याच्या हलणाऱ्या पडद्याला, चौपट मागेपुढे व्हावं लागतं. दारातला साडेसहा इंची स्पीकर ८० हर्ट्झला ज्या पातळीवर सुखाने वाजतो, त्याच पातळीवर ४० हर्ट्झ मागितलं तर त्याचा कोन पल्ल्याबाहेर जाऊन आपटेल किंवा आवाज तरी फाटेल. म्हणून बऱ्याच गाड्यांत आवाज वाढवत नेला की सिस्टिम आपोआप बेस कापत जाते. हा इंजिनिअरचा शहाणपणाच आहे, स्वस्त स्पीकर जळू नये म्हणून केलेला. आणि वरच्या व्हेरिएंटमध्ये तीच मंडळी काय करतात? २०२३ च्या नेक्सॉन ईव्हीच्या वरच्या व्हेरिएंटला जेबीएलची सबवूफरसह सिस्टिम आली, महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई ला सोळा स्पीकरची हरमन कार्डन. गरज त्यांनाही मान्य आहे, फक्त खालच्या व्हेरिएंटच्या किमतीत ती बसत नाही.

माझा खरा आग्रह मात्र सबवूफरचा नाहीच, दाराचा आहे, आणि मूळ लेखात यावर मी सर्वांत जास्त लिहिलं होतं. दाराचं आतलं पॅनेल उतरवून बघा. आतल्या पत्र्याला पंजा जाईल एवढी मोठी भोकं असतात, त्यावर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं. बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारली तर रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा आवाज येतो. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. मागची लाट त्या भोकांतून पुढे आली की दोन्ही एकमेकींना खातात, आणि ती मारामारी खालच्या स्वरांतच होते. भोकं नीट बंद केली, पत्र्यावर ब्यूटाइलची (चिकट रबराची) शीट रोलरने घासून बसवली, की टिचकीला ‘टण’ऐवजी ‘ठप’ असा बसका आवाज येतो. तोच जुना स्पीकर परत लावला तरी डग्गा पुष्कळ सुधारतो, आणि बाहेरची घरघरही थोडी कमी होते. शीट ब्यूटाइलचीच घ्यावी. डांबराची स्वस्त शीट माळव्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत मऊ पडते आणि वास मारते. दाराच्या तळाशी पाणी निघून जायची छिद्रं असतात, ती मात्र कधीही बुजवू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजतं. हे झाल्यावर पुढचे दोन स्पीकर, मग डीएसपी (कोणत्या स्वराला किती जोर द्यायचा ते ठरवणारी चिप) असलेला अॅम्प्लिफायर, आणि सगळ्यात शेवटी आठ इंची, सीटखाली मावणारा सबवूफर. दुकानात नेमकं उलट्या क्रमाने विकतात, कारण सबवूफरचा डब्बा डिकीत दिसतो, शीट दिसत नाही.

रेंजची काळजी सोडून द्या. ऐकण्यासारख्या आवाजात अशी सिस्टिम सरासरी चाळीस-पन्नास वॅट खाते. खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं असलं तरी ती विक्रीची भाषा आहे. शहरात गाडी किलोमीटरला साधारण १४० वॅट-तास घेते असं धरलं, तर तासभर गाणं ऐकून साडेतीनशे मीटर जातात. एसी त्याच तासात एक किलोवॅट खाऊन सात किलोमीटर नेतो.

वॉरंटीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो तुम्ही काढलात हे बरं केलंत. कंपनीची वायर कापली, आणि पुढे त्या सर्किटमध्ये काही बिघडलं, तर कंपनी हात वर करणार. म्हणून वायर कापायची नाही. गाडीच्याच कपलरमध्ये (वायर जोडायच्या खाचेत) बसणारा हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जोड, मिळतो, तो मधे घालायचा, म्हणजे उद्या सगळं काढून गाडी मूळ स्थितीत आणता येते. स्क्रीनला हात लावायचा नाही. बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टचा इशारा आणि इंडिकेटरची टिकटिकही त्याच स्पीकरमधून येते, ती गेली तर ते सुरक्षिततेचं नुकसान आहे.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या पेट्रोल गाड्यांवर हात बसलेल्या कारागिराला माहीत असतीलच असं नाही. एक, सीटखाली सबवूफर पक्का करायला तो सवयीने फ्लोअरमध्ये स्क्रू मारायला जातो. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत त्या पत्र्याखाली मोठी बॅटरी असते. तिथे ड्रिल चालवायचं नाही म्हणजे नाही. सीटच्या रेलला पट्टी लावावी किंवा कारपेटला वेल्क्रो. केशरी रंगाच्या केबल दिसल्या तर त्यांच्या वाटेलाही जायचं नाही, त्यात शेकडो व्होल्ट असतात. दुसरी, करंट घ्यायचा तो १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरून, बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज टाकून, वायर अस्सल तांब्याची. अॅम्प्लिफायर गाडी बंद झाल्यावर खरंच झोपतो का, हे मल्टिमीटर लावून बघायचं. तो जागा राहिला तर छोटी बॅटरी उतरते, आणि मग मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा स्विच ओढायला हीच छोटी बॅटरी लागते.

रात्रीच्या पोरांबद्दल मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि खालचे स्वर काच-पत्रा भेदून बाहेर जातात हे खरं आहे. त्या गाड्यांमध्ये पन्नास-साठ हर्ट्झचा एकच फुगवटा मुद्दाम चढवलेला असतो. त्यात डग्गा नाही, खर्ज नाही, कुठलंही गाणं लावा, एकच ‘धुम्म’. डीएसपीने आपण नेमका तो फुगवटा कापतो. नीट लावलेला सबवूफर वेगळा ऐकूच येत नाही. आवाज पुढून, डॅशबोर्डवरून येतोय असं वाटतं, आणि बंद केला तर काहीतरी गेलं एवढंच जाणवतं. मागच्या सीटखालून ठोके येताहेत असं वाटलं, तर लावणाऱ्याने त्याची पातळी जास्त ठेवली आहे किंवा त्याला ऐंशी हर्ट्झच्या वरचं वाजवू दिलंय.

आता तुमचा प्रश्न. मुलाला शोरूमवाला तीस हजारांचं ‘म्युझिक पॅकेज’ देतोय, घ्यावं का? वरचं, सबवूफर असलेलं व्हेरिएंट घेत असेल तर काहीही घेऊ नका, महिनाभर ऐका. खालचं घेत असेल तर शोरूमवाल्याला विचारा: दारांना डॅम्पिंग (वर सांगितलेली शीट) करणार का, वायर कापणार की कपलर लावणार, आणि हे फिटमेंट वॉरंटीत धरलंय असं बिलावर लिहून देणार का. तिन्हींना स्पष्ट होकार आला तर घ्या. एकालाही टाळाटाळ झाली तर गाडी तशीच घरी आणा, आणि मुलाला सांगा, आधी फक्त पुढच्या दोन दारांना ब्यूटाइल लाव. पुढचं त्यानंतर ठरवता येईल. गाडीचं मॉडेल कळवलंत तर कोणता हार्नेस बसतो ते इथेच खाली लिहितो.